स्विचमधला पंखा रात्रीच का किंचाळतो?

या महिन्यातल्या पत्रांत चार पत्रं एकाच गोष्टीची, नेटवर्क स्विचच्या पंख्याची, निघाली, म्हणून मिक्सरची भांडी आणि इन्व्हर्टरचं पाणी पुढच्या अंकावर ढकललं आहे. ज्यांना ‘स्विच’ म्हटलं की दिव्याचं बटण आठवतं, त्यांच्यासाठी एकच ओळ : घरातल्या, हॉटेलातल्या सगळ्या लॅन वायरी जिथे येऊन मिळतात, ती चपटी लोखंडी पेटी म्हणजे नेटवर्क स्विच. मागे एका गिऱ्हाइकाने फोनवर ‘स्विच बिघडला’ सांगितलं आणि मी वीस रुपयांचं बटण खिशात टाकून वायरीच्या जंजाळासमोर जाऊन उभी राहिले होते.

प्रश्न : ताई, नमस्कार. तारकर्लीला आमची पाच खोल्यांची न्याहारी-निवास आहे. जिन्याखाली चोवीस पोर्टचा (वायरी खोचायच्या चोवीस भोकांचा) पीओई, म्हणजे लॅन वायरीतूनच वीजही देणारा, स्विच ठेवलाय, त्यावर नऊ कॅमेरे आणि वायफायचे तीन डबे चालतात. गेल्या पावसापासून त्याचा पंखा दिवसा घरघरतो आणि रात्री किंचाळतो. जिन्यालगतच्या खोलीतल्या पाहुण्यांनी दोनदा खोली बदलून मागितली. मुलाने खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडले, आठ दिवस गप्प होता, आता पहिल्यापेक्षा वाईट. नवा पंखा कुठला घेऊ? मी स्वतः बसवू शकेन का? आणि तेवढा कमी आवाजाचा मिळाला तर बरं.
— तारकर्लीचे एक वाचक

दादा, मुलाला रागावू नका. माझ्या मालवणच्या दुकानात असे जे पंखे येतात, त्यातल्या बऱ्याच पंख्यांना खोबरेलाचा वास असतो. घरात तेल म्हटलं की हात त्याच बाटलीकडे जाणार. पण खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, थंडीत आपण बाटली उन्हात ठेवतो ती त्यामुळेच, आणि उबेच्या जागी पडून राहिलं की चिकट होतं. त्या चिकट्यावर धूळ बसते. तुमच्या पंख्यात आता राळ भरल्यासारखं झालं असणार.

हा पंखा आतून कसा असतो ते सांगते, म्हणजे तेलाने का भागत नाही ते कळेल. पात्यांच्या मधोमध दाभणाएवढा पोलादी दांडा असतो आणि तो एका बारीक बुशात, म्हणजे धातूच्या नळीत, फिरतो. हा बुश कांस्याची भुकटी दाबून, भाजून केलेला असतो. त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात आणि त्यांत तेल मुरवलेलं असतं. आपल्या छताचा पंखा मिनिटाला तीन-साडेतीनशे फेरे घेतो. हा चिमुकला पाच हजारांच्या पुढे. पाच हजारच धरले तरी दिवसाला ७२ लाख फेरे झाले, आणि तुम्ही तो बंद करताय कधी? उष्णतेने मुरलेलं तेल आटतं, मग दांडा बुशाला घासतो, बुश लंबगोल होतो आणि पातं डुगडुगायला लागतं. तुम्हाला ऐकू येते ती घरघर हीच. लंबगोल झालेला बुश कुठल्याही तेलाने पुन्हा गोल होत नाही.

अडीनडीला मी तेल सोडते, नाही असं नाही. मागचं स्टिकर अर्धं उचलायचं, खाली रबरी बूच असेल तर काढायचं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकायचा आणि स्टिकर दाबून बसवायचं. नवा पंखा पार्सलने येईपर्यंत महिनाभर निघतो. गंजलेले नट सोडवायचा स्प्रे मात्र मारू नका. तो उरलंसुरलं तेलही धुऊन नेतो.

आता रात्रीचं. तुम्हाला वाटत असेल की रात्री शांतता असते म्हणून जास्त ऐकू येतं. ते आहेच. पण अंधार पडला की तुमच्या नऊ कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि प्रत्येक कॅमेरा दिवसापेक्षा एक-दोन वॅट जास्त ओढतो. पीओई म्हणजे त्याच लॅन वायरीतून वीजही जाते, तेव्हा हा सगळा भार स्विचच्या पोटातल्या पॉवर सप्लायवर येतो. ज्या स्विचमध्ये पंख्याचा वेग भार किंवा उष्णता बघून कमीजास्त होतो, तिथे दिवेलागणीनंतर पंखा जोर धरतो. बुश खराब असला की तेव्हाच त्याचा गळा फाटतो. सकाळी तंत्रज्ञ येऊन ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणून जातो, कारण सकाळी तो खरोखरच बरा असतो.

उघडण्याआधी आवाज कुठला ते ओळखा. स्विच चालू केल्याबरोबर अर्धा मिनिट विमानासारखा आवाज येऊन मग खाली बसला, तर ती त्याची सवय, दुखणं नव्हे. एकसारखा सूं-सूं वारा असेल तर पंखा धडधाकट आहे, फक्त जोराचा आहे. टक-टक-टक असेल तर बहुधा आतली वायर पात्याला लागतेय. घरघर, किरकिर, थांबून थांबून किंचाळी असेल तरच बुश. बंद करून पात्यावर फुंकर मारा : चांगला पंखा थोडा फिरत राहतो आणि हळूहळू थांबतो. मेलेला जागच्या जागी अडतो.

पेटी वॉरंटीत असेल तर स्क्रूवरचं स्टिकर फाडू नका, सरळ विकणाऱ्याकडे न्या. वॉरंटी संपली असेल तर तुम्ही हे करू शकता, पण एक गोष्ट अंगठ्याला दोरा बांधून लक्षात ठेवा. प्लग काढला म्हणजे पेटी मेली असं नाही. सप्लायमध्ये जो मोठा उभा काळा कपॅसिटर असतो, त्यात २३० व्होल्टचे डीसी होऊन साधारण ३२५ व्होल्ट साठलेले असतात आणि ते प्लग काढल्यावरही थोडा वेळ तिथेच बसून राहतात. माझ्या उजव्या तर्जनीवर त्याची खूण आहे, शिकाऊ होते तेव्हाची. प्लग काढा, इन्व्हर्टरची वायर वेगळी असेल तर तीही काढा, दहा मिनिटं चहा प्या, मग झाकण उघडा. मीटर लावून कपॅसिटर रिकामा झालाय हे बघता येत असेल तर बघा. येत नसेल तर त्या अर्ध्या भागात बोट घालूच नका. पंखा बाजूच्या भिंतीला असतो, त्यासाठी सप्लायला शिवावं लागत नाही.

सगळ्यात आधी मोबाईलवर फोटो. पंख्याचं स्टिकर कुठल्या बाजूला आहे, वायर कुठून कशी गेलीय, प्लग कुठल्या तोंडाने बसलाय. मग साफसफाई. मागच्या गणपतीआधी देवबागहून असाच एक स्विच आला होता, चाकरमानी यायच्या आत पाहिजे म्हणून घाई. त्यातून काय निघालं सांगू? लाल मातीचा, नमद्यासारखा जमलेला थर, पालीच्या अंड्यांची दोन टरफलं आणि चार रिकाम्या पोर्टमध्ये कुंभारमाशीने लिंपलेली मातीची घरं. पंख्याला बिचाऱ्याला श्वास घ्यायला जागाच नव्हती. रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडा आणि पंपाने हवा मारणार असाल तर पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर वाऱ्याने भलत्याच वेगाने फिरून उरलेला बुशही जातो.

नवा पंखा घेताना जुना सोबत न्या. तसा, म्हणजे नेमका तसा. चपट्या स्विचमध्ये बहुतेक वेळा ४० बाय ४० मिलिमीटरचा असतो, कारण एका खणाच्या पेटीची उंचीच ४४ मिलिमीटरच्या आसपास. स्क्रूची भोकं एकमेकांपासून ३२ मिलिमीटरवर. घोळ होतो तो जाडीत : १०, १५, २० आणि २८ अशा चार जाड्या बाजारात मिळतात. पट्टीने मोजा. मग व्होल्टेज. स्टिकरवर ‘डीसी १२ व्होल्ट’ असेल तर बाराच. छोट्या स्विचमध्ये पाच व्होल्टचेही असतात, आणि दोन्ही पंखे शेजारी ठेवले तर जुळे दिसतात. पाचाचा बारावर लावला तर जळेल. बाराचा पाचावर लावला तर उठेल किंवा नाहीही उठणार. त्यापुढे अँपिअरचा आकडा लिहिलेला असतो, नव्याचा आकडा जुन्यापेक्षा मोठा नको.

आणि वायरींचे रंग! इथे सगळे फसतात. एका रिवाजात काळी ऋण, लाल धन आणि पिवळी ही फेरे मोजायची वायर. दुसऱ्या रिवाजात काळी ऋण, पिवळी धन आणि हिरवी मोजायची. म्हणजे एकीकडची बिनकामाची वाटणारी पिवळी दुसरीकडे थेट बारा व्होल्ट. त्यात स्विच बनवणारे कधी कधी प्लगमधला क्रमच आपल्या मर्जीने ठेवतात. म्हणून रंग बघून जोडू नका, कुठली वायर काय काम करते ते बघून जोडा. प्लगचं तोंड जुळत नसेल, आणि बऱ्याचदा जुळत नाही, तर जुन्या पंख्याचा प्लग चार बोटं वायर ठेवून कापा आणि त्याच वायरी नव्या पंख्याच्या वायरींना एकास एक डाग द्या, म्हणजे सोल्डर करा. प्रत्येक सांध्यावर वेगळी, उष्णतेने आकसणारी नळी चढवा. चिकटपट्टी नको, आपल्या हवेत ती वर्षात सुटते आणि चिकट काळं पाणी सोडते.

हवेची दिशा : पंख्याला एका बाजूने आडव्या दांड्या असतात, मोटर धरून ठेवणाऱ्या, आणि स्टिकरही तिथेच. हवा त्या बाजूने बाहेर पडते. जुन्याचं स्टिकर जिकडे होतं तिकडेच नव्याचं ठेवा. झाकण लावून चालू केल्यावर जाळीपाशी उदबत्ती धरली की धूर आत ओढला जातोय की बाहेर ढकलला जातोय ते दिसतं. दोन पंखे असतील तर दोन्ही बदला. दोघेही एकाच दिवशी जन्मले आहेत, दुसरा तीन महिन्यांत ओरडणार.

आता कमी आवाजाचा. ही मागणी जवळजवळ प्रत्येकाचीच असते आणि मी दर वेळी थोडी कुरकुरते. त्याच घडणीचा पंखा निम्म्या वेगाने फिरवला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, हे खरं. पण हवा निम्मी होते आणि हवा ढकलायचा दाब चौथाईवर येतो. स्विचची जाळी बारीक, आत वायरी आणि पट्ट्यांची दाटी, तिथे दाबच लागतो. तेव्हा शांत पंखा घेणं म्हणजे वारा देऊन झोप घेणं. तुमच्यापाशी द्यायला वारा शिल्लक आहे का, एवढाच हिशेब.

तुमचा हिशेब मी मांडून बघितला. नऊ कॅमेरे रात्री प्रत्येकी सहा वॅट म्हणजे ५४, वायफायचे तीन डबे प्रत्येकी दहा धरले तर ३०. एकूण ८४. पण ही वीज कॅमेऱ्यात जाऊन तिकडे खर्च होते, तिची ऊब पेटीत राहत नाही. पेटीत राहते ती सप्लायची गळती, दहाएक वॅट, आणि स्विचच्या स्वतःच्या चिपांची, समजा वीस. म्हणजे तीस वॅट. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा ४० बाय २०चा पंखा ५००० फेऱ्यांना ताशी ९.४ घनमीटर हवा देतो आणि कंपनीच्या कागदावर त्याचा आवाज १४.९ डेसिबल आहे. असे दोन बसवले आणि जाळीमुळे निम्मीच हवा गेली असं धरलं, तरी आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहा अंशांच्या आसपासच तापेल. तुम्हाला चालेल. तो हजाराच्या वर जातो आणि पाच व्होल्टचा व बारा व्होल्टचा असे दोन्ही मिळतात, मागवताना नीट बघा. तेवढे पैसे नसतील तर सुनॉन किंवा डेल्टा या तैवानी कंपन्यांचा जुन्याच नंबरचा पंखा घ्या. आवाज नवा असताना होता तेवढाच राहील, पण किंचाळी जाईल.

हाच प्रश्न चोवीसही पोर्ट भरलेल्या हॉटेलवाल्याने विचारला असता तर मी नाही म्हटलं असतं. २००३च्या पीओई मानकात एका पोर्टवर १५.४ वॅटपर्यंत वीज देता येते, २००९च्या पीओई प्लसमध्ये ३०. असे चोवीस पोर्ट भरले तर सप्लाय एकटाच इस्त्रीसारखा तापतो. तिथे कंपनीने जोराचा पंखा हौस म्हणून लावलेला नसतो.

बसवून झाल्यावर एक रात्र सगळे कॅमेरे चालू ठेवा आणि पहाटे पेटीच्या झाकणावर तळहात ठेवा. हात ठेवून शंभर आकडे मोजता आले तर निश्चिंत राहा. आणि जिन्याखाली पेटीच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा मोकळी ठेवा, तिथे पाहुण्यांच्या चपला आणि छत्र्या नकोत.

प्रश्न : पंखा बदलला, छान फिरतोय, पण स्विचवरचा नारिंगी दिवा लुकलुकायला लागला. संगणकावर उघडलं तर ‘पंखा बिघडला’ असं दाखवतो. जुना पंखा घरघरत होता तेव्हा हा दिवा हिरवा होता! दुकानदार म्हणतो, तिसरी वायर काळ्या वायरीला जोडून टाका, दिवा जाईल. जोडू का?
— देवगडहून

नका जोडू. दिवा जाईल हे त्याचं बरोबर आहे, कधी कधी जातोही. पण मग पुढच्या वर्षी पंखा खरोखर अडला तरी तो दिवा हिरवाच राहणार. फ्यूजच्या जागी खिळा ठोकण्यातलाच प्रकार.

तीन वायरींच्या पंख्याची तिसरी वायर दोन प्रकारची असते आणि बाहेरून दोन्ही सारख्याच. पहिल्या प्रकारात पंखा एका फेऱ्याला दोन ठोके देतो, स्विच ते मोजून वेग काढतो. ५००० फेरे म्हणजे सेकंदाला साधारण १६७ ठोके. दुसऱ्या प्रकारात ठोके नसतातच. पंखा फिरतोय तोवर वायर खाली, शून्याजवळ, आणि अडला की वर. तुमच्या स्विचला दुसऱ्या प्रकारची सवय असेल आणि तुम्ही पहिल्या प्रकारचा पंखा दिलात, तर तो सारखा ‘फिरला, अडला, फिरला, अडला’ असं ऐकतो आणि घाबरून दिवा लावतो.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. नव्या पंख्याची तिसरी वायर आणि ऋण यांत, पंखा फिरत असताना, शून्याच्या जवळ दिसलं तर तो अडण्याची खबर देणारा. अधलामधला आकडा दिसला तर ठोके देणारा. जुना पंखा घरघरत का होईना फिरत असेल, तर त्यालाही तसंच तपासा आणि दोघांची जात एक आहे का बघा.

जात एक निघाली तरी दिवा राहिला, तर वेग बघा. ठोके मोजणाऱ्या काही स्विचना एक किमान वेग लागतो. तुम्ही आठ-नऊ हजारांच्या जागी पाच हजारांचा शांत पंखा बसवलात तर तो त्याला आजारीच वाटणार, आणि खरं सांगायचं तर त्याची शंका अगदीच चूक नाही. माझे बाबा ट्रॉलरचे डायनामो भरायचे. ते म्हणत, ‘आवाज करता तेका भियाचा नाय, आवाज थांबलो काय भियाचा.’ तुमच्या दिव्याचंही तसंच समजा. पंखा परत करून मूळ वेगाचा मागवा.

चार वायरींचा पंखा आणला असेल तर चौथी वायर वेग कमीजास्त करायची असते. स्विचमध्ये पंख्याच्या प्लगसाठी तीनच पिना असतील तर चौथी मोकळी सोडा, टोकाला नळी चढवून. पंखा पूर्ण वेगाने फिरेल.

प्रश्न : शाळेच्या संगणक कक्षात जुना सोळा पोर्टचा स्विच आहे, पीओई नाही. पंख्याच्या आवाजात मुलांना शिकवणं अवघड झालंय. पंखाच काढून टाकला आणि झाकण उघडं ठेवलं तर काय बिघडेल? खोलीला छताचा पंखा आहे.
— रत्नागिरी तालुक्यातील एक शिक्षिका

बाई, आज काही बिघडणार नाही. म्हणूनच लोक करतात.

बिघडतं ते सावकाश. सप्लायमधले कपॅसिटर म्हणजे आत ओलसर कागद असलेले छोटे डबे. त्यांचं तापमान दर दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. पंखा काढून आत वीस अंश वाढले तर आठ वर्षांचा कपॅसिटर दोन वर्षांत फुगतो. मग एक दिवस परीक्षेच्या आदल्या सकाळी स्विच चालू होतच नाही आणि दोष विजेवर जातो.

उघडं झाकण तर फसवं. बंद पेटीत पंखा हवा एका टोकाच्या जाळीतून ओढतो आणि ती गरम चिपांवरून नेऊन दुसऱ्या टोकाने टाकतो. झाकण काढलं की हवा जवळची वाट धरते, चिपांकडे फिरकतही नाही. वर उघडा सप्लाय, ३२५ व्होल्ट, आणि पन्नास मुलांची बोटं. कृपा करून झाकण आजच लावा.

पण तुमच्यासाठी पंखा बदलण्याचाही सल्ला देणार नाही. पीओई नसलेले सोळा पोर्टचे बिनपंख्याचे स्विच आता सहज मिळतात, थोडक्या वॅटवर चालतात, पेटीच त्यांची उष्णता बाहेर टाकते. जुन्याला पंखा आणून बसवण्याचे पैसे आणि माझी मजुरी धरली तर नव्याच्या बऱ्याच जवळ पोचाल. जुना मला द्या, सुट्या भागांसाठी.

प्रश्न : ताई, मी पंखा दर वर्षी बदलतो! तीन वर्षांत तीन झाले. दोन साधे, तिसरा बॉल बेअरिंगचा महागातला. गुहागरला घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात आम्ही पुण्याला, घर बंद, मेन स्विचही बंद. सप्टेंबरमध्ये येऊन चालू केलं की कर्रर्र. पंखेच नकली मिळतात का?
— गुहागरचे (आणि पुण्याचे) वाचक

काका, पंख्यांना दोष देऊ नका, तुमचा मेन स्विच बघा.

आपल्याकडच्या वाऱ्यात मीठ असतं, ते पंखा स्वतःच ओढून आपल्या पात्यांवर आणि बेअरिंगवर बसवून घेतो. कोरडं मीठ फार त्रास देत नाही. पण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात पोह्यांच्या डब्याशेजारची मिठाची बरणी बघा, तेच. आषाढ-श्रावणात आपल्या किनाऱ्यावर हवा दिवसचे दिवस त्याच्या वर असते. चालू स्विच आतून उबदार असतो, त्यामुळे त्याच्या पोटात हवा कोरडी राहते. तुम्ही मेन बंद करून गेलात की पेटी गार पडते आणि चार महिने खाऱ्या पाण्यात भिजल्यासारखी राहते. बॉल बेअरिंगचा पंखा बुशापेक्षा जास्त टिकतो हे खरं, पण त्या गोळ्या पोलादाच्या आहेत, गंजायचं ते गंजणारच.

मग चालू ठेवून जावं का? मृगाच्या तोंडावरच्या आणि परतीच्या पावसातल्या विजा लक्षात घेता बंद घरात वीज चालू ठेवा असं मी लिहिणार नाही. त्यापेक्षा निघताना स्विच भिंतीवरून काढा, ब्रशने झाडा, दोन दिवस कपाटात बल्बखाली किंवा उन्हात सुकवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करून ठेवा. लॅनच्या वायरींच्या टोकांवर छोट्या पिशव्या बांधा, नाहीतर टोकांचे सोनेरी पाय हिरवे पडतात. पुण्याला नेलात तर आणखी बरं, तिथे सुखाने राहील.

आणि तुमच्या घरात वायरी किती? पत्रात सहा लिहिल्या आहेत. सहा वायरींना चोवीस पोर्टची पंखेवाली पेटी कोणी गळ्यात मारली? आठ पोर्टचा बिनपंख्याचा घ्या आणि पडवीतून काढून माजघरात लावा, समुद्राकडच्या भिंतीपासून दूर. पडवीतल्या वस्तूला वारा लागतो म्हणून ती थंड राहते असं वाटतं, पण तो वारा कुठला ते आता कळलंच आहे.

प्रश्न : मी बारावी झाले, कणकवलीत राहते. स्विच, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी), इन्व्हर्टर दुरुस्तीचं काम शिकायचं आहे. घरचे म्हणतात हे मुलींचं काम नाही. सुरुवातीला हत्यारं काय काय घेऊ?
— कणकवलीहून

बाळा, घरचे काय म्हणतात त्याचं उत्तर मी गेली सव्वीस वर्षं दुकान उघडून देतेय, पत्रात वेगळं काय लिहू. हत्यारांचं सांगते.

साधा डिजिटल मीटर, फार महाग नको, पण त्याच्या वायरींचं वेष्टण जाड हवं. डाग द्यायला पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न, शिसं आणि राळ. फुलीचे दोन स्क्रू ड्रायव्हर, एक अगदी बारीक. वायर सोलायचा कटर. आकसणाऱ्या नळ्यांची पुडी, वेगवेगळ्या मापांची. रंगाचा एक इंची ब्रश, त्याला रंग कधीच लावायचा नाही. शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली. झालं. महागडी गरम हवेची गन आत्ता नको, ती घेतली की हात शिकण्याआधी बोर्ड जळायला लागतात.

पहिला धडा म्हणून भंगारवाल्याकडून संगणकाचे चार मेलेले पंखे आण. स्टिकर काढ, बारीक वॉशर टोकेरी चिमट्याने सोडव, पातं ओढून काढ आणि दांड्यावर बोट फिरव. ज्याचा बुश गेलाय त्या दांड्यावर एका बाजूला काळपट घासलेली रेघ दिसेल. ती रेघ ओळखता आली की ये मालवणला. बाजारात शिरल्यावर डाव्या हाताला, दारात जुन्या टेबल पंख्यांची चळत दिसेल तेच दुकान. दुपारी एक ते चार मात्र येऊ नकोस, तेव्हा मी झोपलेली असते.